पुण्यात तीन दिवस, शनिवारवाडा आणि दगडूशेठ वगळून

प्रश्न असा आला आहे: आम्ही इंदूरचे मराठी कुटुंब. मी, पत्नी, बारा वर्षांचा मुलगा आणि गुडघ्यांचा त्रास असलेली माझी आई. डिसेंबरात गुरुवारी रात्री पुण्यात पोचणार, रविवारी रात्रीच्या गाडीने परत. शनिवारवाडा, दगडूशेठ, सिंहगड, आगाखान पॅलेस मागच्या खेपेला झाले. या वेळी जरा हटके ठिकाणे बघायची आहेत. रील्स बघून यादी केली आहे: त्रिशुंड गणपती, तांबट आळी, जुना बाजार, लाल देऊळ, शिंदे छत्री, कात्रजचा भुयारी नळ, केळकर संग्रहालय, विचित्र नावांचे देव, वेताळ टेकडी, एखादा जुना वाडा आतून, शनिवारवाड्याची भुते आणि बुधवार पेठ. निघण्यापूर्वी काय विचारून घ्यावे? माहीतगार माणूस बरोबर घ्यावा का?

यादी चांगली जमवली आहे. तिच्यात वार लिहिलेले नाहीत, एवढीच तिची अडचण. पेठांमधून लोकांना फिरवण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. फोनवर पहिला प्रश्न हमखास ‘काय पाहू?’ हा येतो. ‘कधी जाऊ?’ आणि ‘तिथे कोणाला विचारू?’ हे विचारणारे फार थोडे. दगडूशेठला तुम्ही कधीही जा, दर्शन होते, कारण तिथली सगळी व्यवस्था येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठीच केलेली आहे. तांबट आळीत तशी कोणी केलेली नाही. तिथे माणसे पोटासाठी हातोडा चालवतात. सिनेगॉगमध्ये लोक प्रार्थनेला येतात. जुना बाजार आठवड्यातून दोनच दिवस भरतो. तुम्हाला जे हटके वाटते आहे ते तिथल्या माणसांचे रोजचे आहे, आणि त्यांच्या रोजच्या वेळापत्रकात तुम्हाला बसायचे आहे. म्हणून तुमची यादी मी वारांप्रमाणे लावून देते आणि कुठे काय विचारायचे ते ओघाने सांगते. काही ठिकाणे गाळणार आहे, तीही कारणासकट.

शुक्रवार सकाळ कॅम्पला द्या. लाल देऊळ म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, ज्यूंचे प्रार्थनास्थळ. रिक्षावाल्याला सिनेगॉग म्हटलेले कळेलच असे नाही, लाल देऊळ म्हटले की तो न विचारता मीटर टाकतो. तांबड्या विटांची इमारत आणि उंच घड्याळाचा मनोरा, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला ती हटकून चर्च वाटते. मूळचे बगदादचे आणि मुंबईत व्यापारात नाव काढलेले डेव्हिड ससून यांनी ती बांधायला घेतली. १८६३मध्ये काम सुरू झाले, १८६७मध्ये पुरे झाले. मधल्या काळात, १८६४मध्ये, ससून पुण्यातच वारले. त्यांची कबर याच आवारात आहे. पुण्याचे ससून रुग्णालय त्यांच्याच नावाचे.

इथे आधी परवानगी घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. ओळखपत्र लागते, तेव्हा चौघांचेही जवळ ठेवा, मुलाचे शाळेचे असेल तरी आणा. दारावर पोलीस असतात. त्यांच्याशी हुज्जत घालून काही होत नाही, आत जो व्यवस्था पाहतो त्याच्याशी आधी बोलणे झालेले असले पाहिजे. शुक्रवार सकाळ मी मुद्दाम सांगते आहे. शुक्रवारी सूर्यास्ताला ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, लागतो आणि शनिवारी रात्रीपर्यंत चालतो. त्या काळात पाहुणे म्हणून जाऊ नये आणि गेलात तरी परत पाठवतील. यादीत वार नसल्यामुळे तुम्ही शनिवारीही गेला असता. पुरुषांनी डोके झाकायचे असते, साधा रुमाल किंवा टोपी खिशात असू द्या. फोटो आत चालतो की नाही हे परवानगी मागतानाच विचारा, आत गेल्यावर मोबाईल वर करून नव्हे.

कॅम्पपासून रास्ता पेठ जवळ आहे. तिथे १९२१चे सुक्कथ शेलोमो हे दुसरे सिनेगॉग आहे, ते बेने इस्रायल ज्यूंचे. रील्समध्ये हे कोणी दाखवत नाही कारण त्याला मनोरा नाही. मला विचाराल तर मराठी माणसाने पाहायचे खरे हेच. बेने इस्रायल कोकणातून आलेले, घरात मराठी बोलणारे, आडनावांच्या शेवटी ‘कर’ लावणारे, कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जाणारे लोक. नवस फेडताना मलिद्याचा विधी करतात. पोहे, गूळ, खोबरे, फळे हे त्यातले जिन्नस ऐकले की तुमच्या आईंना आपल्याकडच्या प्रसादाची आठवण होईल. परवानगी इथेही आधीच घ्यायची. दोन्हीकडची परवानगी एकाच सकाळी मिळेल असे धरून चालू नका. एकीकडची मिळाली तरी सकाळ सार्थकी लागली समजा.

श्रूजबरी बिस्किटे न्यायची असतील तर कयानी बेकरीत जेवणाच्या वेळेआधीच जाऊन या. दुपारी दुकान बंद असते. पुणेकरांच्या दुपारच्या झोपेवर विनोद करून झाले असतील तर त्यातले तथ्यही घ्या: पेठांमधली बरीच देवळे, दुकाने आणि कारागीर एक ते चार मिळत नाहीत. या तीन दिवसांत दुपारी काय करायचे हे आधी ठरवा, सकाळ-संध्याकाळ आपोआप ठरते.

शुक्रवारची दुपार शिंदे छत्रीसाठी ठीक आहे, ती वानवडीत, कॅम्पाच्या बाजूलाच आहे. महादजी शिंदे १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीलाच वारले. तिथे त्यांची समाधी आणि महादेवाचे देऊळ आहे. वरचा दिमाखदार भाग, रंगीत काचा आणि युरोपीय थाटाची सजावट, ही विसाव्या शतकातली भर. पुण्यातल्या पेशवाई इमारतींत लाकूड आणि साधेपणा जास्त. इथे एकदम ग्वाल्हेरच्या दरबारात शिरल्यासारखे होते. इंदूरकरांनी शिंद्यांच्या छत्रीवर जावे की नाही हा प्रश्न तुमचा तुम्ही सोडवा. तुमच्या यशवंतराव होळकरांनी २५ ऑक्टोबर १८०२ला शिंदे आणि पेशव्यांच्या फौजांचा पराभव केला तो इथून जवळच, हडपसरला. मुलाला ही गोष्ट सांगितलीत तर छत्रीत तो कंटाळणार नाही. चपला बाहेर काढाव्या लागतात, आत शांतता राखावी लागते आणि फोटोबद्दलची पाटी वाचूनच कॅमेरा काढावा. आईंना फार चढायचे नाही, बसायला सावली मिळते.

शनिवारी पहाटे नाही, पण सातला बाहेर पडा. विचित्र नावांच्या देवांसाठी हीच वेळ. तुळशीबाग, मंडई, शनिपार हा भाग दिवसा, त्यातून शनिवारी संध्याकाळी, खरेदीच्या गर्दीने इतका भरतो की पासोड्या विठोबा समोर असून दिसत नाही. सकाळी रस्ते मोकळे, फुलवाले बसलेले, देवळे उघडी आणि शनिवार मारुतीचा वार असल्यामुळे जिलब्या मारुतीपाशी माणसांची ये-जा. या नावांमागच्या कथा प्रत्येक जण वेगळ्या सांगतो. जिलब्या मारुतीच्या शेजारी हलवाई होता आणि तो देवाला जिलब्यांचा हार घालायचा म्हणतात. पासोड्या विठोबापाशी पासोड्यांचा बाजार भरायचा. पानिपतची बातमी आली तेव्हा डुल्या मारुती डोलला. सदाशिव पेठेतला खुन्या मुरलीधर मात्र गमतीने घेऊ नका. अठराव्या शतकाच्या अखेरीस मूर्तीच्या स्थापनेच्या वेळी तिथे सैनिकांच्या दोन टोळ्या भिडल्या आणि माणसे मेली असे सांगतात. मुलाच्या हातात वही द्या. उपाशी विठोबा, भिकारदास मारुती, गुपचूप गणपती, दाढीवाला दत्त, सोट्या म्हसोबा, निवडुंग्या विठोबा अशी नावे त्याला शोधू द्या. सगळे एका सकाळी होणार नाहीत आणि व्हायची गरजही नाही. जो देव सापडेल त्याच्यासमोरच्या फुलवाल्या मावशींना नावामागची गोष्ट विचारा. पुजारी पूजेत असतो, त्याला मध्येच थांबवू नये. मावशींकडून चार फुले घेऊन विचारले की गोष्ट मिळते, आणि बहुधा माझ्यापेक्षा चांगली मिळते.

मिसळ खायची ती याच सकाळी. पेठांमधली नाव असलेली मिसळीची ठिकाणे सकाळची, दुपारनंतर तिथे तर्री संपलेली असते.

आता तांबट आळी. साडेदहा-अकराच्या सुमारास कसबा पेठेत जा. मेट्रोचे कसबा पेठ स्थानक फडके हौदापाशीच आहे. सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सप्टेंबर २०२४मध्ये सुरू झाल्यापासून पेठांत गाडी आणण्याचे काहीच कारण उरलेले नाही. भाड्याची मोटार घेऊन येणार असाल तर ती हॉटेलावरच ठेवा. कसब्यात वळणे एकेरी, गल्ल्या अरुंद, आणि पार्किंग शोधण्यात गेलेला तास परत मिळत नाही.

कसबा गणपतीला नमस्कार करून निघालात की तांबट आळी कानाला आधी सापडते. आवाज येत नसेल तर काम बंद आहे. मग आळीत उगाच डोकावत फिरू नका, दुसरीकडे जाऊन या. तांबट पेशवाईत कोकणातून इथे आले आणि वाड्यांना, लष्कराला लागणारी भांडी आणि इतर सामान करू लागले. बंब, घंगाळे, हंडे, कळश्या, तपेली. घरोघरी गिझर आले तेव्हा बंबाची मागणी बसली, आणि आता तोच बंब छोटा करून शोभेसाठी विकला जातो, हे मला बघवत नाही, पण त्यावर घरे चालतात.

इथे थांबून काय पाहायचे ते सांगते, कारण बहुतेक लोक चकाकी पाहून जातात. भांड्यावर जे बारीक, ओळीने बसलेले ठोक्यांचे खळगे दिसतात त्याला मठारकाम म्हणतात. ते नुसते नक्षीसाठी नसते. तांब्याचा पत्रा तापवला की मऊ पडतो, वाकवता येतो. मग ठोके देत गेले की धातू घट्ट होतो आणि पातळ पत्र्यालाही ताकद येते. घाव एकमेकांना लागून, पण एकावर एक न येता बसायला हवेत. कारागीर भांडे लोखंडी खुंट्यावर फिरवत असतो आणि हातोडा जवळजवळ एकाच जागी पडत असतो, बघताना आपल्याला उलटे वाटते. हातात दोन भांडी घेऊन खळगे मोजक्या प्रकाशात तिरके धरून पाहा. हाताचे काम आणि यंत्राने दाबलेला ठसा यांतला फरक तिथेच कळतो. यंत्राचे खळगे सगळे सारखे असतात, हाताच्या ओळीला किंचित लय असते.

विचारण्याची रीत अशी. दारात उभे राहा, हातोडा थांबेपर्यंत थांबा, मग ‘काका, जरा बघू का?’ म्हणा. बहुतेक जण हो म्हणतात. व्हिडिओसाठी वेगळे विचारा. एका टोकाला बसलेल्या माणसाला ‘पुन्हा एकदा ठोका ना, नीट आले नाही’ असे सांगणारे पाहुणे मी पाहिले आहेत. त्या दिवशी पुढच्या गटालाही मग कोणी आत घेत नाही. भाव साधारणपणे वजनावर आणि कामावर असतो, तेव्हा वजन करून मागा आणि मठारलेल्या भांड्याची साध्या भांड्याशी तुलना करून घासाघीस करू नका. स्वयंपाकाला भांडे घेणार असाल तर आतून कल्हई आहे ना ते बघून घ्या. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्यात ठेवायचा नसतो, हे तुमच्या आईंना सांगायला नको. काही घ्यायचे नसेल तर पाच मिनिटे पाहून, आभार मानून पुढे व्हा. तिथेच पुढे बुरूड आळी आणि नदीच्या अंगाला कुंभारवाडा आहे. दिवाळी उरकलेली असल्याने डिसेंबरात कुंभारवाड्यात तुलनेने निवांत असते.

यानंतर फडके हौदापाशी परत या. तुमच्या यादीतला ‘कात्रजचा भुयारी नळ’ इथून समजतो. रीलमध्ये टॉर्च घेऊन माणूस भुयारात शिरताना दाखवतात तसे तुम्हाला कुठे शिरता येणार नाही आणि शिरूही नये. जुने बांधकाम आहे, आत हवा आणि पाणी यांचा भरवसा नाही. पण ती व्यवस्था काय होती हे जमिनीवरूनही छान कळते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजला तलाव बांधले आणि तिथून शहरापर्यंत जमिनीखालून पक्का बांधीव नळ आणला. सगळे पाणी केवळ उताराने येई. पंप नाही, रहाट नाही. वाटेत ठरावीक अंतरावर उभी विहिरीसारखी भोके ठेवली, त्यांना उच्छ्वास म्हणतात. तिथे हवा सुटते, गाळ बसतो आणि साफ करणाऱ्याला उतरता येते. शेवटी पाणी शनिवारवाड्यात आणि शहरातल्या हौदांत पडे. मागच्या खेपेला शनिवारवाड्यात तुम्ही हजारी कारंज्याचा कोरडा दगडी चौथरा पाहिला असेल. ते कारंजे या पाण्याच्या दाबावर उडायचे.

काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, सदाशिव हौद ही नावे पुणेकर आजही पत्ता सांगायला वापरतो. काही हौद बुजले, काहींवर रस्ता आला. बघण्यासारखे फार उरलेले नाही हे आधीच सांगते, म्हणजे अपेक्षाभंग नको. मुलाला नकाशावर कात्रज दाखवा, मग हौद दाखवा, आणि मधला चढउतार त्यालाच शोधायला लावा. त्याच्या भूगोलाच्या पुस्तकात यापेक्षा चांगला धडा नाही.

आणि मग इथेच न थांबता गंज पेठेत फुले वाड्यावर जा. पेठेला आता महात्मा फुले पेठ म्हणतात. हे तुमच्या यादीत नाही, मी घालते आहे. हौदांत पाणी आले तरी ते सगळ्यांना भरता येत नव्हते. अस्पृश्य मानलेल्या माणसांना सार्वजनिक हौदाला हात लावायची सोय नव्हती. १८६८मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला. कात्रजच्या अभियांत्रिकीचे कौतुक करून झाल्यावर या अंगणात उभे राहिले नाही तर पुण्याच्या पाण्याची गोष्ट अर्धीच कळते. जोतीरावांची समाधी इथेच, तुळशी वृंदावनाशी आहे. वाडा लहान आहे, उंबरे आहेत पण जिने चढावे लागत नाहीत, आईंना जमेल. मुलींची पहिली शाळा जिथे १८४८मध्ये भरली तो भिडे वाडा बघायचा असे तुमच्या मनात असेल तर जुनी इमारत आता नाही. स्मारकासाठी ती डिसेंबर २०२३मध्ये पाडली.

शनिवारची दुपार केळकर संग्रहालयाला. दुपारी पेठ झोपलेली असते तेव्हा हे उघडे असते, म्हणून मी ते नेहमी दुपारीच ठेवते. दिनकर केळकरांनी आयुष्यभर रोजच्या वापराच्या वस्तू जमवल्या: दिवे, अडकित्ते, कुलपे, वज्री, पानाचे डबे, दरवाजे, वाद्ये. वीस हजारांवर वस्तू, आणि लहानपणी गेलेल्या मुलाचे नाव संग्रहालयाला दिले, राजा. सगळे मजले बघायचा हट्ट धरू नका. आईंसाठी जिने फार आहेत. तळमजल्यावर आणि पहिल्यावर निवांत वेळ घालवा. सकाळी तांबट आळी पाहून आलेला माणूस इथल्या तांब्या-पितळेकडे वेगळ्या नजरेने बघतो, म्हणून हा क्रम.

रविवारी सकाळी त्रिशुंड गणपती आणि जुना बाजार एकत्र करा, दोन्ही चालण्याच्या अंतरात आहेत. त्रिशुंड सोमवार पेठेत, नागझरीच्या काठी, कमला नेहरू रुग्णालयाजवळ. हे देऊळ बांधणाऱ्याचे नाव भीमगिरजी गोसावी, इंदूरजवळच्या धामपूरचे, असे सांगितले जाते. तेव्हा तुमच्याकडच्या माणसाचे हे पुण्यातले काम. १७५४मध्ये सुरू झाले, १७७०मध्ये गणपतीची स्थापना झाली. मोरावर बसलेला, तीन सोंडांचा गणपती. देवाला शेंदूर आणि वस्त्रे असतात, त्यामुळे तीन सोंडा लगेच दिसतील असे नाही. पुजाऱ्यांना नम्रपणे विचारलेत तर ते दाखवतात.

लोक गाभाऱ्यात डोकावून परत जातात आणि खरी मजा दर्शनी भिंतीवर राहून जाते. काळ्या पाषाणाचा हा दर्शनी भाग पुण्याच्या इतर देवळांशी कुठेच जुळत नाही. माळवा, राजस्थान, दक्षिण यांचे घटक एकत्र आले आहेत. द्वारपाल, हत्ती, आणि एका पट्टीत साखळदंडाने बांधलेला गेंडा, त्याच्याशी टोपीवाले गोरे शिपाई. प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी बंगाल घेतला त्याचे हे चित्र, असा अर्थ लावला जातो. पुण्यात पेशवे राज्य करत असताना गोसाव्याच्या देवळावर ही बातमी कोरली जाते, हे मला दर वेळी नव्याने नवल वाटते. आत संस्कृत आणि फारसी लेख आहेत. खाली तळघर आहे, तिथे समाधी आहे आणि ते लोकांसाठी गुरुपौर्णिमेला उघडतात. डिसेंबरात ‘पाच मिनिटे उघडा ना, इंदूरहून आलोय’ असे पुजाऱ्यांना म्हणू नका. त्यांना नाही म्हणायला अवघड जाते आणि तुम्हाला ऐकायला. गेंड्यासाठी सकाळचे ऊन हवे, नऊच्या आसपास जा.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. रस्त्याच्या आणि मेट्रोच्या कामांमुळे त्याच्या जागेवरून पूर्वी ओढाताण झालेली आहे, तेव्हा आदल्या दिवशी एखाद्या स्थानिक माणसाला ‘उद्या भरणार ना?’ एवढे विचारून घ्या. इथे नाणी, जुनी कुलपे, पितळी दिवे, रेडिओचे सुटे भाग, पान्हे, वापरलेले बूट सगळे एका चादरीवर असते. ‘पेशवेकालीन’ म्हणून जे दाखवतील ते मुरादाबादचे नवे आहे असे समजूनच भाव करा. मग आवडले तर घ्या. शिवाजी महाराजांची नाणी म्हणून खोटी शिवराई खपवतात, मुलाने हट्ट केला तर नवी वस्तू म्हणून जो भाव योग्य तोच द्या. खरोखरची जुनी पुरातन वस्तू विकत घेणे आणि नेणे याला कायदा आहे, त्या फंदात पडू नका. खिसा-पाकीट सांभाळा. आईंना या गर्दीत आणू नका, त्यांना तेवढा वेळ पाताळेश्वरला बसवा.

पाताळेश्वर म्हणजे जंगली महाराज रस्त्यावरचे, आठव्या शतकाच्या सुमाराचे खडकात कोरलेले शिवालय. समोरचा गोल नंदीमंडपही एकाच कातळातला. काम अर्धवट सोडलेले आहे. खांबांवर न संपलेली छिन्नी दिसते. वाहनांच्या रस्त्यापासून दोन पायऱ्या खाली उतरलात की गोंगाट मागे पडतो. शेजारी जंगली महाराजांची समाधी आहे, तिथल्या मंडपात म्हातारी माणसे निवांत बसतात. तुमच्या आईंना तिथे गप्पा मारायला कोणीतरी नक्की मिळेल.

मुलासाठी रविवारी कोथरूडचे जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय ठेवा. ते १९९८मध्ये सुरू झाले. खेळाची वेळ ठरलेली असते, फोन करून विचारा आणि दहा मिनिटे आधी पोचा.

आता गाळलेल्या गोष्टी. शनिवारवाड्याची भुते: नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ला झाला हे खरे, बाकी रात्री ऐकू येणारा आवाज हा दिवसा तिकीट घेऊन गेलेल्यांनाच जास्त ऐकू येतो. वाडा संध्याकाळी बंद होतो आणि बाहेर रात्री उभे राहून काही मिळत नाही.

बुधवार पेठ: तुमच्या यादीत ‘बुधवार पेठ’ एवढेच आहे आणि कशासाठी ते लिहिलेले नाही, म्हणून स्पष्ट सांगते. पासोड्या विठोबा, तांबडी जोगेश्वरी, बेलबाग हे सगळे बुधवारातच आहे, ते जरूर पाहा. ज्या गल्ल्यांसाठी बाहेरगावचे लोक या पेठेचे नाव कुजबुजत घेतात, तिथे प्रेक्षक म्हणून जायचे नाही आणि मोबाईल तर काढायचाच नाही. तिथे बायका राहतात, त्यांची मुले शाळेत जातात. मी तिथे कोणालाही फिरायला नेत नाही, कितीही पैसे दिले तरी.

जुना वाडा आतून: लोकांची घरे आहेत. निम्म्या वाड्यांत मालक, भाडेकरू आणि बिल्डर यांचे खटले चालू आहेत आणि कॅमेरावाला माणूस दिंडीदरवाजातून आत आला की त्यांना तो कोणाकडून आला आहे याचीच धास्ती. दार उघडे दिसले म्हणून शिरू नका. लाकडी खांब, चौक, कोरीव छत बघायचे असेल तर नाना वाडा आणि १८०७चा विश्रामबागवाडा या सार्वजनिक वास्तू आहेत, बाहेरून तर केव्हाही दिसतात आणि आतला कोणता भाग उघडा आहे हे दारावर विचारून कळते.

वेताळ टेकडी सुंदर आहे, पण ती आईंना झेपणार नाही. तुम्ही आणि मुलगा जाणार असाल तर उजाडल्यावर जा, खाणीच्या कडेला उतरू नका आणि अंधार पडायच्या आत खाली या. पक्ष्यांचा नाद असेल तर त्याऐवजी सोलापूर रस्त्यावरचा कवडीपाट बघा. डिसेंबरात चक्रवाक येतात. नदीला वास आणि फेस आहे, हे माहीत असू द्या.

डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव असतो, त्या दिवसांत खोल्या आधीच भरतात. तारखा बघून मुक्काम ठरवा. वर्षअखेरीला येत असाल तर १ जानेवारीला कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाच्या अभिवादनासाठी नगर रस्त्यावर मोठी गर्दी आणि वाहतुकीत बदल असतात, विमानतळाकडे जाणाऱ्याने ते धरून चालावे.

फोनवर किंवा दारात विचारताना नकाशाच्या अ‍ॅपवरच्या वेळा जमेस धरू नका, त्या बऱ्याचदा दुसऱ्याच कोणीतरी भरलेल्या असतात. विचारायचे ते एवढे: आज उघडे आहे का, किती वाजेपर्यंत, फोटो चालतो का, तिकीट आहे की दानपेटी, आणि आईंसाठी स्वच्छतागृह कुठे. शेवटचा प्रश्न लोक लाजेने विचारत नाहीत. पेठांत स्वच्छ स्वच्छतागृह सहज मिळत नाही. मेट्रो स्थानके आणि संग्रहालये हा त्यातल्या त्यात भरवशाचा आधार. रस्ता रिक्षावाल्याला न विचारता पानवाल्याला किंवा मंडळाच्या कट्ट्यावर बसलेल्या काकांना विचारा. रिक्षावाला तुम्हाला दगडूशेठलाच नेऊन सोडेल.

माहीतगार माणूस घ्यावा का, तर तीनही दिवस नको. शनिवारी सकाळी कसब्यासाठी घ्या, कारण तांबट आळीत ओळखीचा माणूस बरोबर असला की दारे उघडतात आणि हौदांच्या जागा त्याच्याशिवाय सापडत नाहीत. ठरवताना किती ठिकाणे दाखवणार हे न विचारता तो किती माणसांचा गट घेतो ते विचारा. कसब्याच्या गल्लीत दहाच्या वर माणसे उभी राहिली की रस्ता बंद होतो आणि मागून सिलिंडरची गाडी आलेली असते. आईंच्या चालीने चालणार का हेही विचारून घ्या. पैसे आधीच बोला, आणि कारागिरांना तो स्वतः काही देतो की तुम्ही द्यायचे ते त्याच वेळी स्पष्ट करून घ्या. बाकी दोन दिवस तुमचे तुम्ही फिरा.